दमलेले पंच

पेणच्या पंचायत समितीत मी रुजू झालो त्या दिवशी आमच्या विभागात एकच खुर्ची रिकामी होती. मी तिच्यावर बसायला गेलो तसा शिपाई म्हणाला, "ती पंचांची हाय."

"रजेवर आहेत का?"

"नाय, हायत की. ते काय."

बाहेर व्हरांड्यात एक काटक, सावळा माणूस हातात उघडी फाइल धरून येरझाऱ्या घालत होता. एका टोकाला गेला की पान उलटायचं, दुसऱ्या टोकाला आला की खिशातल्या पेनाने खूण करायची. अकराच्या सुमाराला तो आत आला, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभ्यानेच टिपणी लिहिली आणि परत बाहेर गेला. जेवणाचा डबाही त्याने खिडकीपाशी उभं राहून खाल्ला. संध्याकाळपर्यंत त्या खुर्चीवर मीच बसलो होतो आणि त्याबद्दल कोणाचीच काही तक्रार नव्हती.

पंचायत समितीतले म्हणून पंच, असा माझा काही दिवस समज होता. महादेव पाटील हे त्यांचं नाव मला पहिल्या पगाराच्या दिवशी समजलं. ते कबड्डीचे पंच होते. दिवाळी झाली, भातं घरात आली की पेणपासून रोह्यापर्यंत गावोगाव सामने सुरू व्हायचे, आणि मग शनिवार-रविवार पंच घरी सापडायचे नाहीत. माझ्याकडे स्कूटर होती आणि अक्षर बरं होतं. एवढ्या दोन गोष्टींवर त्यांनी मला गुणलेखक करून टाकलं. "तू फक्त मी बोट दाखवीन ते लिही," ते म्हणाले. "डोकं चालवू नको. डोकं चालवायला मी हाय."

मैदानावर त्यांना पाहणं ही वेगळीच गोष्ट होती. पांढरी पँट गुडघ्यापर्यंत मातीने लाल झालेली, गळ्यात शिट्टी, आणि चढाई करणाऱ्याबरोबर रेषेला रेषा लावून पळणं. गडी वाकला की हे वाकायचे. गडी मध्यरेषेकडे झेपावला की हे त्याच्या आधी तिथे. अंगठ्याचं टोक रेषेला लागलं की नाही हे दोन हातांवरून बघायचे आणि शिट्टी वाजायची. मग कोणी कितीही आरडाओरडा करो. "दिसलं ते दिलं," एवढंच बोलायचे.

एकदा कासूजवळ त्यांच्या स्वतःच्या गावचा संघ अंतिम सामन्यात होता. शेवटच्या चढाईला त्यांचा सख्खा पुतण्या आला. सामना बरोबरीत. पोराचा हात मध्यरेषेला टेकला असं सगळ्या गावाला दिसलं आणि पंचांना दिसलं नाही. त्यांनी त्याला बाद दिलं. ढाल समोरच्या गावाला गेली. त्या वर्षी गावच्या जत्रेला पंचांना कोणी 'या' म्हटलं नाही. ते तरीही गेले, भावाच्या ओटीवर उभ्यानेच पाणी प्यायले आणि पुतण्याला म्हणाले, "हात लांब कर जरा. दंडात ताकद हाय तुझ्या, पण शेवटाला आखडतोस." पोरगं हसलं. विषय संपला.

घरी वहिनी आणि मुलगी वंदना. सुमनवहिनी रोह्याच्या. त्या सांगायच्या, "लग्नात पंगत वाढायला नवराच पुढं. माझे भाऊ बसलेले आणि हा माणूस भाताची परात घेऊन पळतोय. आई म्हणाली, पोरगी कुनाला दिली गो आपण, नवऱ्याला की आचाऱ्याला?"

अशा माणसाला अर्धांगाचा झटका आला.

सकाळची वेळ. पंच उभ्याने चहा पीत होते. वहिनींनी बघितलं की चहा तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळून सदऱ्यावर चाललाय आणि त्यांना पत्ताच नाही. "अहो, सांडताय," असं म्हणेपर्यंत कप पडला आणि मागोमाग पंच. शेजाऱ्याच्या जीपमधून पनवेल, तिथून मुंबईचं मोठं इस्पितळ. आम्ही ऑफिसातले दोघंदोघं पाळीने जात होतो. डावा हात, डावा पाय मेल्यासारखे पडलेले. जीभ जड. पण नजर? नजर सारखी दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होती.

नशीब म्हणा, वेळेवर नेलं म्हणून म्हणा, पंच उठले. पावसाळा संपेपर्यंत काठी टेकत चालायला लागले, आणि होळीच्या आसपास काठीही सुटली. बोलणं साफ झालं. डाव्या हाताची मूठ नीट वळत नव्हती आणि डावा पाय थोडा ओढला जायचा, एवढंच. जो तो यायचा आणि म्हणायचा, "वा पंच! काय झालं होतं असं वाटत पण नाय."

खरी गोष्ट त्यानंतर सुरू झाली.

एका रविवारी सकाळी मी गेलो तर पंच ओटीवर आडवे. अर्ध्या गालाला साबण तसाच सुकलेला, अर्धा गाल तासलेला. मला वाटलं परत काही झालं. वहिनी आतून म्हणाल्या, "काय नाय, दाढी करत होते."

"मग?"

"मग दमले."

पंच डोळे न उघडता म्हणाले, "सदा, दाढीला माणूस दमतो काय रे?"

अर्ध्या तासाने ते उठले आणि उरलेला गाल पुरा केला. मग आंघोळ. आंघोळीहून आले ते टॉवेल गुंडाळलेलेच खाटेवर बसले आणि बसल्या जागी झोपले. दिवस उगवून धड वर आला नव्हता आणि या माणसाचा दिवस संपला होता.

हे रोजचं झालं. बाजारात दोन माणसं एकदम बोलली की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या आणि ते म्हणायचे, "एक एक जण बोला रे." एसटी स्टँडवरचा गोंगाट त्यांना सहन व्हायचा नाही. पाहुणे आले की पहिला चहा होईपर्यंत ते हसतखेळत बोलायचे. मग चेहरा उतरायचा, शब्द जड व्हायचे आणि पाहुण्यांच्या समोरच मान छातीवर पडायची. पाहुणे बिचारे एकमेकांकडे बघत उठायचे. आणि गंमत अशी की रात्री आठ-नऊ तास गाढ झोप झालेली असायची. झोपून उतरेल असा तो थकवा नव्हताच.

एखादा दिवस चांगला निघायचा. त्या दिवशी पंच अंगणातलं गवत काढायचे, नळाचा वॉशर बदलायचे, बाजार करून यायचे, वंदनाला कबड्डीचे नियम समजावायचे. जुने पंच परत आले म्हणून घर खूश. मग पुढचे दोन-तीन दिवस ते खाटेवरून उठायचे नाहीत. रोह्याचे मेहुणे एकदा तशा दिवशी आले. बघून म्हणाले, "भावोजी, परवा तर झाडावर चढायला निघाला होतात. आज काय झालं? जरा मनावर घ्या, हातपाय हलवा. झोपून झोपून आळस भरतो अंगात."

मेहुणे गेल्यावर पंच मला म्हणाले, "खरं सांग सदा. मला आळस लागलाय काय?"

आयुष्यात खुर्चीवर न बसलेला माणूस हे विचारत होता. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्यांचे डोळे पाहून तसं करवेना. त्यांना खरोखर शंका होती. आपल्यातला कोणीतरी कामचुकार इतकी वर्षं लपून बसला होता आणि आता बाहेर आला, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

मीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. पेणचेच डॉक्टर, मितभाषी, वयस्कर. त्यांनी पंचांच्या पायाला, हाताला हात लावला आणि विचारलं, "काय त्रास?"

"त्रास काय नाय. दमतो."

"किती काम केल्यावर?"

"काम कुठं करतो? दात घासले तरी दमतो."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "पाटील, तुमच्या संघात सात गडी होते. दोन कायमचे बाहेर गेले. पाच जण सातांचं मैदान राखतायत. लोकांना वाटतं संघ उभा आहे. पण ते पाच जण किती धावतायत ते बाहेरून कसं दिसणार? डोक्यात तुमच्या तेच चाललंय. दात घासणं हेसुद्धा आता मेंदूला नव्याने करावं लागतं."

"म्हणजे आळस नाय?"

"नाही."

"औषध?"

"औषध असं नाही. काही जणांचा हळूहळू कमी होतो, काहींचा राहतो. दमायच्या आधी थांबायला शिका."

बाहेर आल्यावर पंचांनी चपला घातल्या. मग म्हणाले, "डॉक्टर कबड्डी खेळलाय वाटतं." पण शेवटचं वाक्य त्यांच्या पचनी पडलं नव्हतं. दमायच्या आधी थांबायचं म्हणजे काय, ते या माणसाला कोण शिकवणार?

ऑफिसात ते परत रुजू झाले तेव्हा साहेबांनी हलकं काम दिलं. पंच पहिल्यांदाच आपल्या खुर्चीवर बसले. शिपायाने त्यांच्यासाठी उशी आणली ती त्यांनी रागाने परत पाठवली. दुपारी जेवण झाल्यावर ते रेकॉर्डच्या खोलीत गठ्ठ्यांच्या आडोशाला अर्धा तास पडायचे. सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी बोलायचं नाही. पण आपण लपून झोपतो हे त्यांना डाचायचं. उठून आले की उगाच मोठ्याने बोलायचे, दोन टेबलांचं काम अंगावर घ्यायचे, आणि घरी जाताना रिक्षात माझ्या खांद्यावर लुळे पडायचे.

त्या हिवाळ्यात त्यांनी जाहीर केलं, "मी मैदानात उतरणार."

वहिनींनी कपाळाला हात लावला. "चालताना पाय वढता, आनि पळनार?"

"पळायचं नाय. रेषेवर उभा राहून बघायचं. डोळे शाबूत हायत."

सामना कासूच्या बाजूच्याच एका गावात होता. दुपारी उन्हं कलल्यावर सुरू झाला. पंचांनी पांढरी पँट घातली होती, वहिनींनी कडक इस्त्री केलेली. माणसांनी टाळ्या वाजवल्या. आयोजकांनी नारळ दिला. पहिला डाव पंचांनी असा चालवला की मी लिहायचं विसरून त्यांच्याकडेच बघत राहिलो. पाय ओढत का होईना, ते दर चढाईला जागेवर होते. एक बोनस त्यांनी असा अचूक दिला की हरकत घेणारा कर्णधार स्वतःच मान हलवून मागे गेला.

मध्यंतरात मी म्हणालो, "आता दुसऱ्या कोणाला द्या शिट्टी."

"का? चुकलो कुठं?"

"नाही."

"मग लिही गप."

दुसऱ्या डावात भोंगे वाढले, माणसं रेषेपर्यंत सरकली, दोन्ही गावं एकदम ओरडायला लागली. मला दिसत होतं की पंचांचा चेहरा विझत चाललाय. ते गड्याकडे बघत होते, पण ती नजर कुठे पोचत नव्हती. एक उंच पोरगा चढाईला गेला, डाव्या कोपऱ्यात झटापट झाली, चार जण त्याच्यावर पडले आणि त्यांच्याखालून त्याचा हात मध्यरेषेकडे आला. शिट्टी वाजली नाही.

सगळे पंचांकडे बघत होते. एका बाजूने "दम तुटला," दुसऱ्या बाजूने "रेषा लागली." पंच उभे. मी टेबलावरून उठलो. तेवढ्यात त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली. डावा हात साथ देत नव्हता म्हणून दोरी कानात अडकली, ती सोडवायला वेळ गेला, आणि तेवढा वेळ सगळं मैदान शांत झालं.

"मला दिसलं नाय," पंच म्हणाले. "मी दमलोय. चढाई परत घ्या. शिट्टी दुसऱ्याला द्या."

इतक्या वर्षांत असं बोलणारा पंच त्या मैदानाने बघितला नसेल. पण लोक लोकच असतात. गर्दीतून एकजण ओरडला, "जमत नाय तर आलात कशाला?" कोणीतरी त्याला गप्प केलं. पंचांनी ते ऐकलं होतं.

आठवडाभर ते घराबाहेर आले नाहीत. कोणी गेलं तर भिंतीकडे तोंड. मी गेलो त्या संध्याकाळी वहिनी तांदूळ निवडत होत्या आणि पंच खाटेवर. वहिनी माझ्याशी बोलत होत्या, पण ऐकवायचं खाटेला होतं.

"सदाभाऊ, सामन्यात गडी टाइम आऊट घेतात, तेव्हा पंच त्यांना आळशी म्हनतात काय?"

"नाही वहिनी."

"मैदानातून बाहेर काढतात?"

"नाही."

"पानी पितात, बसतात, परत उभे राहतात ना? मग आमच्या घरचा पंच सवताला टाइम आऊट का देत नाय? त्याची लाज वाटते त्याला. आनि मी काय करू? मी त्यांना पलंगावर बघते तेव्हा मला काय वाटतं? वाटतं, हायत. डोल्यांसमोर हायत. मला तेवढं पुरतं. त्यांना नाय पुरत."

त्यांचा आवाज शेवटी बारीक झाला. तांदळातला हात थांबला. खाटेवरून आवाज आला, "पुरे गो. ऐकलं."

त्यानंतर पंच सुधारले असं म्हणणं खोटं ठरेल. पण शिकायला लागले. दाढी संध्याकाळवर गेली. आंघोळीला न्हाणीत स्टूल आलं. सकाळी उठल्यावर ते वहिनींना विचारायचे, "आज काय महत्त्वाचं?" बाजार असेल तर बाजार, ऑफिस असेल तर ऑफिस, दोन्ही नाही. पाहुण्यांना ते स्वतःच सांगायला लागले, "आता मी पडतो, तुम्ही चहा घ्या." रेकॉर्डच्या खोलीत जाताना शिपायाला हाक मारून सांगायचे, "झोपायला चाललोय रे, कोणी विचारलं तर सांग." मधूनच बांध फुटायचा. कधी एका दमात माळा साफ करायचे, कधी गावच्या मैदानावर पोरांना पकड शिकवायला जायचे आणि मग दोन दिवस पडून, स्वतःवरच चिडून, उशीला बुक्के मारायचे. त्यांचा जीव कधीच शांत झाला नाही. फक्त त्याला आता वेसण होती, आणि ती त्यांच्या स्वतःच्या हातात होती.

वंदनाचं लग्न ठरलं. मुलगा खांब गावचा, रोह्याला कंपनीत शिफ्टमध्ये काम करणारा, गुणी. दोन्हीकडच्या सोयीचं म्हणून लग्न रोह्यालाच धरलं. मेहुण्यांनी सगळं अंगावर घेतलं. पंच त्यांना म्हणाले, "तुम्ही काय करायचं ते करा. मी कन्यादानाला उभा राहीन. बाकी दिवस तुमचा." मेहुणे, तेच आळसवाले, गहिवरून म्हणाले, "भावोजी, तुम्ही आडवे पडा, मी बघतो."

मे महिन्याचा उकाडा. सनई, लाउडस्पीकर, पोरांचा कालवा. आणि ज्या माणसाने आपल्या लग्नात पंगत वाढली होती, तो पोरीच्या लग्नात मंडपामागच्या खोलीत ओला पंचा डोक्यावर घेऊन अंधारात पडून होता. सकाळपासून कोणाशी बोलला नव्हता. मी बोलवायला गेलो तेव्हा पंच आपण होऊन उठून बसले. सदरा, फेटा, सगळं आधीच घातलेलं. कन्यादान झालं. पंच सरळ उभे होते. मंगलाष्टकं संपून अक्षता पडेपर्यंत उभे होते. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "चल. आता पडायला पाहिजे." खोलीत पोचेपर्यंत त्यांचे डोळे अर्धे मिटले होते.

पाठवणीची वेळ झाली तरी ते झोपलेलेच. वहिनी उठवायला निघाल्या. वंदनाने अडवलं. "नको गो उठवू, आई." ती आत गेली, बापाच्या पायावर डोकं ठेवलं आणि तोंडाला पदर लावून बाहेर आली. वऱ्हाडाची बस आणि नवरानवरीची जीप निघून गेली.

थोड्या वेळाने पंच दारात आले. मंडपाकडे बघितलं. आचारी कढया घासत होते.

"गेली?"

"गेली," वहिनी म्हणाल्या. "पोरीनंच उठवू नको म्हनून सांगितलं."

पंचांनी चपला शोधल्या. "सदा, स्कूटर हाय ना?"

मी वहिनींकडे पाहिलं. मला वाटलं त्या अडवतील. त्यांनी पाण्याची बाटली आणून माझ्या हातात दिली. "हळू ने. वाटंत झोप आली तर थांब."

पंच मागे बसले. डाव्या हाताची बोटं त्यांनी उजव्या हाताने उचलून माझ्या कमरेच्या पट्ट्यात अडकवली. कोलाड नाक्यावर वऱ्हाड थांबलेलं दिसलं. रस्त्याकडेच्या देवळात नारळ फोडायला मंडळी उतरली होती. जीपमध्ये वंदना एकटी. बापाला बघून ती दार उघडायला लागली.

"बस, बस. उतरू नको."

"बाबा, कशाला आलात? आता उद्या डोकं धराल."

"धरीन. माझं डोकं हाय." त्यांनी खिडकीत हात टेकला. धाप लागली होती. "ऐक. तिकडं नवीन हायस म्हणून दिवसभर उभी राहू नको. दमलीस की बसायचं. सासूला सांगायचं, दमले. लाजायचं नाय."

वंदना हसायला लागली आणि हसताहसताच रडायला लागली. जावई नारळ घेऊन आला, वाकून पाया पडला. जीप गेली.

परतीला दोन-तीन किलोमीटर झाले असतील, पंचांचं डोकं माझ्या पाठीवर टेकलं. मी स्कूटर थांबवली. रस्त्याच्या बाजूने कालवा जात होता, काठाला एक सावलीचं झाड होतं. पंच मुकाट्याने उतरले, फेटा काढून उशाला घेतला आणि आडवे झाले. दुसऱ्या क्षणी घोरायला लागले.

पुढच्याच महिन्यात माझी बदली झाली आणि रायगड सुटला. पत्रांतून त्यांची खुशाली कळत राहिली, पण डोळ्यांनी पाहिलेले शेवटचे पंच ते. नव्या सदऱ्यावर हळदीचे डाग, एक चप्पल पायात, एक गवतात. मी शेजारी बसून होतो. उन्हं उतरत होती.

डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई आली. लग्नाचे कपडे, उशाला फेटा बघून ती थबकली.

"काय रं दादा, जास्त झाली काय यांना?"

"नाय मावशी," मी म्हणालो. "दमलेत."

तिने पंचांकडे एकदा नीट बघितलं. मोळी सावरली.

"मग झोपू दे," म्हणाली आणि वाटेला लागली.